लांब लहरी आणि आखूड एरियल

बिनतारी संदेशविद्येच्या इतिहासात हौशी मंडळींची एकदा हकालपट्टी झाली आणि तीच त्यांच्या कीर्तीला कारण झाली. १९१२ साली अमेरिकेने कायदा करून हौशी केंद्रांना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर नेऊन बसविले. त्या लहरी कुचकामी आहेत अशीच तेव्हाच्या जाणत्यांची समजूत होती. पुढे याच आखूड लहरी अटलांटिक महासागर ओलांडून गेल्या आणि मोठमोठ्या कंपन्या हौशी लोकांच्या मागून धावत आल्या. १९२७ साली खडकीचे प्रेषणकेंद्र व दौंडचे ग्रहणकेंद्र यांच्यामार्फत हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात जी बिनतारी सेवा सुरू झाली, तीही लघुलहरींचीच होती.

नवल हे की, हौशी मंडळी आता आपण होऊन त्या टाकलेल्या लांब लहरींकडे वळली आहेत. ब्रिटनमध्ये १९९८ साली १३६ किलोहर्ट्झचा पट्टा त्यांना मिळाला. २००७ सालच्या जागतिक परिषदेत १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा पट्टा, आणि २०१२ च्या परिषदेत ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हा दुसरा पट्टा त्यांच्यासाठी मान्य झाला. अमेरिकेने हे दोन्ही पट्टे २०१७ मध्ये खुले केले. जुन्या श्रोत्यांना किलोसायकल हा शब्द सवयीचा असेल. अर्थ एकच आहे.

आता यातली मेख पाहू. १३७ किलोहर्ट्झच्या एका लहरीची लांबी सुमारे २,१९० मीटर भरते. उभी एरियल लहरीच्या चतुर्थांशाएवढी उंच असावी हा शास्त्राचा आवडता नियम. त्या हिशेबाने साडेपाचशे मीटरांचा, म्हणजे कुतुबमिनाराच्या सातपटींहून उंच असा खांब उभारावा लागेल! गृहस्थाच्या अंगणात फार तर १२ मीटरांचा खांब मावतो. बरे, तार आडवी ताणून काम भागवावे म्हटले, तर जमिनीच्या इतक्या निकट असलेल्या आडव्या तारेचा प्रभाव जमीनच मारून टाकते. शिवाय लांब लहरी जमिनीला धरून चालतात त्या उभ्या कंपनाच्या. तेव्हा उभ्या एरियलवाचून गत्यंतर नाही आणि ती आखूड असण्यावाचूनही गत्यंतर नाही.

आखूड एरियलचे दुखणे कशात आहे? एरियलमध्ये गेलेल्या विजेपैकी जो भाग लहरींच्या रूपाने बाहेर पडतो, त्याचे माप एका काल्पनिक रोधाने देतात. त्याला प्रारणरोध म्हणतात. १२ मीटरांच्या नुसत्या उभ्या तारेचा प्रारणरोध या लहरींवर ओहमच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याएवढाच येतो. उलट जमीन, वेटोळे, आसपासची झाडे व भिंती मिळून जो रोध विजेची निव्वळ उष्णता करतो, तो सहज ६० ओहम असू शकतो. म्हणजे पाच हजार वॅट ओतावे तेव्हा कोठे एक वॅट लहरींच्या वाट्याला यायचा. एखादा व्यापारी अशा व्यवहाराकडे ढुंकूनही पाहणार नाही.

तरीही व्यवहार जमतो, कारण परवान्याची सर्वसाधारण मर्यादाच एका वॅटची आहे. तो वॅटही सर्व दिशांना सारखे प्रारण करणाऱ्या काल्पनिक एरियलच्या मापाने मोजलेला. उभी एरियल आपली शक्ती क्षितिजाकडे एकवटते. त्यामुळे वॅटचा तिसरा हिस्सा खरोखर बाहेर पडला की मर्यादा गाठली जाते. नुसत्या १२ मीटर तारेतून तेवढा काढण्यास पाच अँपिअरांहून अधिक प्रवाह व सतराशेच्या आसपास वॅट लागतील. आणि तारेवर ऐंशी हजार व्होल्टांहून अधिक दाब चढेल. घरच्या अंगणात हे शक्य नाही.

येथे एक जुनी युक्ती कामाला येते. उभ्या तारेच्या शेंड्याला ३० मीटरांची आडवी तार जोडावी. ही आडवी तार स्वतः फारसे प्रारण करीत नाही, पण एरियलची धारिता तिप्पट करते. एरव्ही उभ्या तारेतील प्रवाह वर जाता जाता शून्यावर येतो. आता तो शेंड्यापर्यंत बराचसा टिकून राहतो. त्यामुळे प्रारणरोध जवळजवळ तिप्पट होतो. प्रवाह तीन अँपिअरांवर, शक्ती सहाशे वॅटांवर आणि दाब सोळा-सतरा हजार व्होल्टांवर येतो. हादेखील खेळ नव्हे. तारेचे मोकळे टोक मुलांच्या, गुराढोरांच्या व वाळत घातलेल्या धुण्याच्या आवाक्याबाहेर हवे, आणि विसंवाहक तर चांगल्या प्रतीचेच हवेत.

एरियल सुरात आणण्यास सहा मिलिहेन्रीच्या आसपासचे वेटोळे लागते. हौशी लोक ते प्लॅस्टिकच्या जाड नळावर किंवा पिंपावर गुंडाळतात. पाऊस पडला, तार भिजली की सूर बिघडतो. म्हणून वेटोळ्याच्या पोटात फिरते लहान वेटोळे बसवून तो पुन्हा जुळवावा लागतो.

नवशिके बहुधा आधी मोठा प्रेषक विकत घेतात. तेच पैसे खांबाची उंची वाढविण्यात आणि तांब्याच्या तारा जमिनीत पुरण्यात घातले तर फळ अधिक. उंची दुप्पट केली की प्रारणरोध चौपट होतो, आणि जमिनीतील रोध निम्मा केला की लागणारी शक्ती बरीच उतरते. कोरड्या वाळूपेक्षा ओलसर जमीन बरी. दाट झाडीत उभारलेली एरियल मात्र झाडांनाच वीज पाजत बसते.

स्वीडनमध्ये ग्रिमेटन येथे १९२४ साली पुरे झालेले एक बिनतारी केंद्र आजही जतन केलेले आहे; २००४ मध्ये त्याची जागतिक वारशात गणना झाली. तेथे १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे आहेत. परंतु केंद्र चालते १७.२ किलोहर्ट्झवर, म्हणजे लहर सतरा किलोमीटरांहून लांब. लहरीच्या मानाने तो मनोरा साधारण एकशेसदतिसावा हिस्सा आणि अंगणातला १२ मीटरांचा खांब एकशेब्याऐंशीवा. म्हणजे तो अवाढव्य मनोराही बुटकाच! अलेक्झांडरसन या इंजिनिअराने तेथे एकाऐवजी सहा तारा खाली उतरविल्या, प्रत्येकीला स्वतंत्र वेटोळे दिले आणि जमिनीत जाणारा प्रवाह सहा वाटांनी विभागून तेथील नाश कमी केला. प्रशस्त आवार असलेल्या हौशी माणसाला ही तोड आजही उपयोगी पडेल.

एवढ्याशा शक्तीचा संदेश दूरवर ऐकू कसा येतो? त्याचे उत्तर सबुरीत आहे. मोर्सचा एकेक ठिपका तीन, दहा, तीस सेकंदपर्यंत लांबवितात. संदेश जितका सावकाश, तितका ग्राहकाचा कान अरुंद ठेवता येतो व गोंगाट बाहेर राहतो. अशा मंद मोर्सने २००१ च्या आरंभी ब्रिटन व कॅनडा यांच्यात १३६ किलोहर्ट्झवर दुहेरी संभाषण झाले. पुढे २००८ मध्ये, स्पंदक ताऱ्यांवरील संशोधनासाठी १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळालेले ज्यो टेलर यांनी दोन मिनिटांच्या प्रक्षेपणाची संगणकी पद्धत दिली. तिने हे काम पुष्कळ सोपे केले.

ऐकण्यासाठी मात्र या सगळ्या खटाटोपाची गरज नाही. वातावरणाचा गोंगाटच इतका मोठा असतो की मोठी एरियल संदेशाबरोबर गोंगाटही तितकाच वाढविते. हातभर दांडी किंवा तारेची एक चौकट पुरते. फक्त ती घरातील दिव्यांपासून व चार्जरांपासून लांब ठेवावी. ग्रिमेटनचे ते जुने यंत्र नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी सामान्यतः काही मिनिटे चालविले जाते, आणि तेव्हा देशोदेशीचे हौशी लोक अशाच चिमुकल्या एरियली घेऊन त्याचा मोर्स टिपावयास बसतात.