जुन्या गाडीचं खाणंपिणं
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बाप्पासमोर बोलायचं म्हटलं की माणूस संत, इतिहास किंवा आरोग्य असा विषय घेतो. मी गाडीत घालायच्या तेलापाण्यावर बोलणार आहे. कार्यकर्त्यांनी विषय ऐकला तेव्हा दोघे-तिघे हसले. पण आपल्या चिकोडीत, निपाणीत, संकेश्वरात अजून कितीतरी दारांत जुनी मारुती ८०० उभी आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात तरुण ८०० सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची आहे. आमची तर त्याहून बरीच म्हातारी. आमच्या आबांनी उसाच्या बिलातून घेतलेली. मुलगा पुण्याहून फोन करतो, "बाबा, काढून टाका ती." मी म्हणतो, आबांचा हात लागलेलं स्टिअरिंग आहे, असं कसं काढू?

पण प्रेम असलं तरी काळजी घेतली नाही तर काय होतं, ते मला आंबोली घाटानं शिकवलं.

गणपतीलाच सावंतवाडीकडे पाहुण्यांच्या घरी निघालो होतो. गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीला पोचलो. गाडीत मागे आई, शेजारी ही, दोन मुलं आणि डिकीत सामान. उतार लागला तसा मी ब्रेकवर पाय ठेवून गाडी सोडली. निम्म्या घाटात ब्रेकचं पेडल लोण्यासारखं मऊ लागलं आणि पुढच्या वळणाला सरळ खाली गेलं. मी भराभर पेडल मारत राहिलो, गाडी दुसऱ्या गिअरला घेतली, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला गटाराशी नेऊन टेकवली. आईनं डोळे मिटून बाप्पाचं नाव घेतलं. मी काहीच बोललो नाही, कारण हात थरथरत होते.

मागून आलेला एक टेंपोवाला थांबला. त्यानं ब्रेकच्या तेलाची डबी उघडून पाहिली. आत कोऱ्या चहासारखं काळं तेल. तो म्हणाला, "साहेब, अर्धा तास थांबा, ब्रेक परत येईल. पण खाली गेल्यावर हे आधी बदला. आणि उतारावर गिअरनं उतरायचं, ब्रेकनं नाही." अर्ध्या तासानं खरंच ब्रेक आला. ते तेल सात वर्षं कुणी बदललं नव्हतं. म्हणजे मीच बदललं नव्हतं. बाकी कुणाला बोल लावणार?

असं का झालं, ते समजून घेऊ. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. उघड्या बरणीत मीठ पाझरतं ना, तसंच. नवीन डॉट ३ तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. घाटात ब्रेक तापले की मुरलेल्या पाण्याची वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक परत येतो. माणसाला वाटतं, बरं झालं, सुटलो. खरं तर दोष तसाच आत बसलेला असतो.

तेव्हा दर दोन वर्षांनी ब्रेकचं तेल पूर्ण बदलायचं. कोणतं, ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. पण डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. बाटली एकदा उघडली की उरलेलं पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवू नका. आणि तेल कमी झालं म्हणून इंजिनचं तेल तर चुकूनही ओतू नका. त्यानं आतले रबर फुगतात आणि सगळीच ब्रेक यंत्रणा बसते. आपल्याकडे गॅरेजमध्ये 'एण्णे' म्हटलं की झालं, पण एण्णे आणि एण्णे यात फरक आहे!

आता इंजिनचं तेल. डब्यावर २०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. पहिला आकडा थंडीत तेल किती पातळ राहतं ते सांगतो आणि दुसरा आकडा १०० अंशांना, म्हणजे इंजिन तापल्यावर, ते किती दाट राहतं ते सांगतो. ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. चिकोडीत कडाक्याची थंडी म्हणजे कानटोपी आणि शेकोटी. बर्फ काही पडत नाही. त्यामुळे जुन्या, थोड्या झिजलेल्या इंजिनाला महागडं अगदी पातळ तेल घालणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. माझ्या गाडीत मी २०डब्ल्यू-४० घालतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जो आकडा दिलाय तो घ्या. ते पुस्तक म्हणजे गाडीची पोथी. आपण ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कधीच न वाचता ठेवून देतो.

आकड्याच्या खाली अक्षरं असतात. 'एस'नं सुरू होणारी पेट्रोल इंजिनासाठी, 'सी'नं सुरू होणारी डिझेलसाठी. घरात ट्रॅक्टर असला की त्याच डब्यातलं तेल कारला घालायचा मोह होतो. डब्यावर दोन्ही अक्षरं असतील तर चालेल, नुसतं 'सी' असेल तर नको. मोटारसायकलचं तेलही नको. तिचा क्लच तेलात बुडालेला असतो, म्हणून ते तेल वेगळ्या हिशेबानं बनवतात. आणि गाडी वर्षात दोन हजार किलोमीटरच फिरली तरी तेल वर्षाला बदलायचंच. बाजारापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही, आतला ओलावा तेलातच राहतो.

गिअरचं तेल आपण विसरूनच जातो. तिथं जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन प्रकार. पाच म्हणजे चारपेक्षा भारी असं समजून घेऊ नका. जीएल-५ मधल्या गंधकाच्या मिश्रणानं गिअर जुळवणाऱ्या पितळी कड्या खराब होऊ शकतात. पुस्तकात चार असेल तर चारच.

रेडिएटरचं काय? आपल्याकडे विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी ओतायची पद्धत. घरातल्या हंड्याला खार धरतो तसाच खार इंजिनातल्या वाटांना धरतो. मग निपाणीहून बेळगावला जाताना तवंदी घाट चढला की काटा लालकडे. नुसतं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी घेतलं तर ते १०७-१०८ पर्यंत टिकतं, झाकणाच्या दाबामुळे आणखी वर. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी औषधं असतात. त्याचा रंग बघून घेऊ नका, हिरवा-लाल हा प्रत्येक कंपनीचा आपला हिशेब. एका प्रकारात दुसरा मिसळू नका. 'तयार' लिहिलेल्या कूलंटमध्ये पुन्हा पाणी घालू नका. आणि तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नका. वाफेनं तोंड भाजलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

शेवटी पेट्रोल. आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्यातलं काही उसापासून होतं. म्हणजे आपल्याच शिवारातला ऊस आपल्याच गाडीत! शेतकरी म्हणून मला आनंद आहे. पण जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्या हिशेबानं बनलेल्या नव्हत्या. तेव्हा पेट्रोलच्या नळ्या वर्षातून एकदा तपासा, चिरलेल्या असतील तर बदला. इथेनॉलही पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने टाकी भरून उभी ठेवू नका.

आणि एक हात जोडून विनंती. काढलेलं काळं तेल ओढ्यात, गटारात ओतू नका. तो ओढा दूधगंगेला नाहीतर वेदगंगेला आणि पुढं कृष्णेला मिळतो. उद्या आपण त्याच पाण्याकडे बाप्पाला घेऊन जाणार आहोत. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

मंडळी, ब्रेकचं तेल हा वर्षाच्या खर्चातला सगळ्यात छोटा आकडा असतो. मी तोच वाचवला होता आणि गाडीत आई, बायको, मुलं बसली होती. आता दर दोन वर्षांनी गणपतीच्या आधी ते बदलतो आणि तारीख डबीशेजारी चिकटवतो. यंदा सुट्टीवर आलेल्या मुलाला शेजारी उभं करून बदललं. काम झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, विकायची नसेल तर नका विकू. पण पुढची तारीख मला कळवा."

घरी गेल्यावर बॉनेट उघडा आणि ती डबी एकदा बघा. तेल काळं दिसलं, तर विसर्जनाची वाट बघू नका.

गणपती बाप्पा मोरया!