अपेक्षाभंगाचें सुख

ख्याल ऐकणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते आणि दुसरी मुळींच ठाऊक नसते. त्रितालाच्या १६ मात्रा संपल्या कीं सम येणार, हें ठाऊक असतें. परंतु गवई त्या समेवर कोणत्या वाटेनें येणार, हें ठाऊक नसतें. गाण्यांतला पुष्कळसा आनंद या दोहोंच्या मधल्या जागेंत राहतो.

अनपेक्षित म्हणजे स्वैर नव्हे, हें मात्र प्रथम ध्यानांत घ्यावें. कोणीं पेटीवर हात येईल तसा फिरविला, तर त्याचा प्रत्येक सूर अनपेक्षितच असतो. पण त्यानें मान डोलत नाहीं, डोकें उठतें. अपेक्षाच नसेल तर अपेक्षाभंग कशाचा होणार? म्हणून आधीं नियम हवा. तबल्याचा ठेका तो नियम कानांत बिंबवितो. खालीच्या सुमारास डग्ग्याचा घुमारा थांबला कीं सम जवळ आल्याची वर्दी मिळते. मग गवई तिहाई घेतो. एकच बोल तीनदां येतो. पहिल्या दोन खेपांना आपण मनांत हिशेब मांडतों, पुष्कळदां तो चुकतो, आणि तिसऱ्या खेपेस बोलाचा शेवट नेमका समेवर पडतांच सारी सभा ‘वाहवा’ म्हणते. रागाच्या बाबतींत तिरोभाव हाच खेळ करतो: ओळखीचा राग क्षणभर दुसऱ्याची छाया धरून लपतो आणि पुन्हां प्रकट होतो.

पाश्चात्त्य संगीतांतहि हेंच दिसतें. हायडनच्या ९४ व्या सिंफनींत, जी लंडनमध्यें १७९२ सालीं प्रथम वाजली, हळुवार चाललेल्या सुरावटींत सारा वाद्यवृंद एकाएकीं गर्जून उठतो. अपेक्षा अडली कीं भावना जागी होते, हा सिद्धान्त लेनर्ड मेयर या अमेरिकन पंडितानें १९५६ सालीं सविस्तर मांडला.

येथें एक शंका निघेल. ध्वनिमुद्रिकेंत तर कांहींच बदलत नाहीं. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांत संपे. ती शंभरदां लावली तरी केसरबाई केरकरांची तान तीच. मग ती पुन्हां कां ऐकावी? मला वाटतें, स्मरणाला पुढचें ठाऊक असलें तरी कानाची संवय सर्वसाधारण नियमांनींच घडलेली असते. ती दर वेळीं सरळ वाटेची अपेक्षा करते, आणि तान दर वेळीं वळण घेते.

हें आज सांगण्याचें कारण असें. पूर्वीं घरांत एकच रेडिओ असे. पुढें कोण गाणार, हें आपल्या हातीं नसे. नावडतें गाणेंहि कानीं पडे आणि त्यांतूनच एखादी नवी आवड जन्मे. आतां खिशांतलें यंत्र आपली आवड टिपून तिच्याच जातीचीं गाणीं पुढें करतें. सोय मोठी आहे. परंतु जेथें प्रत्येकाच्या कानाला स्वतंत्र यंत्र लागलें, त्या घरांतील नातवाला आजोबांचा मालकंस चुकूनहि ऐकूं येत नाहीं. नियमच कानांत रुजला नाहीं, तर त्याच्या भंगाचें सुख तरी कोठून मिळावें?

म्हणून आठवड्यांतून एक तास गाण्याची निवड दुसऱ्यावर सोपवावी. अपरिचित गवयाची मैफल शेवटपर्यंत ऐकावी. मुलांना शेजारीं बसवून हातानें टाळी-खाली धरावयास शिकवावें. सम कोठें येणार हें ज्याला कळूं लागलें, त्याला ती चुकविणाऱ्या गवयाची गंमत निराळी समजावून सांगावी लागत नाहीं.