पॉइंट सातचा आग्रह

(बडा फुहारा, जबलपूर येथील शारदीय व्याख्यानमालेतील व्याख्यान)



दिवाळी तोंडावर आलेली असताना फुहाऱ्याच्या गर्दीतून वाट काढत तुम्ही इथवर आलात, याचं मला कौतुक वाटतं. बऱ्याच जणांच्या मांडीवर खरेदीच्या पिशव्या आहेत. कमानिया गेटची खव्याची जिलबीही कुणीतरी आत आणलेली आहे, वास थेट व्यासपीठावर पोचलाय. (हशा)

पत्रिकेत विषय छापलाय, 'रोजच्या लिखाणाला आणि चित्राला पेनपेन्सिल कशी निवडावी'. लोक पहिला प्रश्न करतात, कुठल्या कंपनीची घेऊ? मी म्हणतो, कंपनीचं नंतर बघू, आधी शिसं ठरवा. घरात एकच पेनपेन्सिल घ्यायची असेल तर ती पॉइंट सातची, म्हणजे ०.७ मिलिमीटर शिशाची घ्या आणि तिच्यात बी शिसं घाला. आज मला एवढंच तुमच्या गळी उतरवायचंय. दुकानात 'पेनपेन्सिल द्या' म्हटलं की न विचारता पॉइंट पाच आणि एचबी पुढ्यात येते. त्या सवयीशी माझं भांडण आहे.

इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. ग्राफाइटमध्ये चिकणमाती मिसळून भट्टीत भाजायची युक्ती कॉन्तेची, १७९५ ची. शिसं पुढे सरकवणाऱ्या पेन्सिलीचं पेटंट हॉकिन्स आणि मॉर्डन यांनी इंग्लंडात १८२२ साली घेतलं. जपानात तोकुजी हायाकावांनी १९१५ मध्ये धातूची, स्क्रूवर चालणारी पेन्सिल काढली. १९२३ च्या भूकंपात त्यांचं कुटुंब आणि कारखाना दोन्ही गेलं. तो माणूस ओसाकात जाऊन पुन्हा उभा राहिला आणि पुढे रेडिओ बनवू लागला. शार्प कंपनीचं नाव त्या पेन्सिलीवरून आलेलं आहे. आपल्या दांडेकरांचं कॅमलिन १९३१ चं, ते मी तुम्हाला काय सांगणार! मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. मातीचं शिसं फार बारीक केलं तर टिकत नाही. १९६० साली आजच्या पेन्टेलने पॉलिमरचं शिसं काढलं, तेव्हा कुठे बारीक काडी लिहिण्याजोगी झाली.

मग पॉइंट पाच आपल्या घरांत आली कुठून? हे शहर ड्राफ्ट्समनांचं आहे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची, मग खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, मग व्हेईकल फॅक्टरी. इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ पासून. इथे बसलेल्यांत निदान निम्म्या घरांतून कुणीतरी ड्रॉइंग बोर्डापुढे उभं राहिलेलं असणार. (मागून आवाज : आमचे वडील!) बघा. त्या लोकांनी कामावरची पेन्सिल घरी आणली आणि मुलाच्या कंपासपेटीत ठेवली. कामावर ती बरोबरच होती. ड्रॉइंगमधल्या रेषांच्या जाडीची मापं मनाला येईल तशी ठरलेली नाहीत. पॉइंट पंचवीस, पॉइंट पस्तीस, पॉइंट पाच, पॉइंट सात, एक. प्रत्येक माप आधीच्याच्या वर्गमूळ दोन पट. कागदाचे आकारही त्याच हिशेबाचे. त्यामुळे ए-वन कागदावरचं ड्रॉइंग ए-टूवर लहान करून काढलं की पॉइंट सातची रेषा आपोआप पॉइंट पाचची होते. किती देखणी व्यवस्था आहे ही! पण ती टी-स्क्वेअर आणि सेट स्क्वेअरच्या कडेने ओढलेल्या रेषेसाठी आहे, तिसरीतल्या मुलीच्या शुद्धलेखनासाठी नाही.

आता ड्राफ्ट्समनांचा विषय निघालाच आहे तर आमच्या हेड ड्राफ्ट्समनबद्दल सांगतो. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. त्या वेळी ऑफिसात दोन मिलिमीटर शिशाच्या क्लच पेन्सिली होत्या. टोक काचकागदावर घासून करायचं. नव्या पोराला काका पहिल्या दिवशी फक्त एक रेषा ओढायला सांगत, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोरगा ओढायचा. सुरुवातीला केसासारखी, शेवटी सुतळीएवढी. कारण टोक एकाच बाजूने झिजत जातं. मग काका पेन्सिल घेत. अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये ती थोडी कलती धरायची, आणि हात उजवीकडे सरकत असताना बोटांनी तिला सावकाश स्वतःभोवती फिरवत न्यायची. रेषा संपेपर्यंत एक-दोन वेढे पूर्ण. टोक चहूबाजूंनी सारखं झिजतं, म्हणून रेषा पहिल्या बिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंत एकाच जाडीची उतरते. हे बघताना कळत नाही. त्यांची बोटं हलताहेत हे मला दाखवून द्यावं लागलं होतं. ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट काढला की कुणाची रेषा फिकी पडली ते लगेच दिसे. काकांची कधी पडली नाही.

ही बोटांतली विद्या पुढे जपान्यांनी पेन्सिलीच्या पोटात बसवली. २००८ साली यूनि या छापाची 'कुरु टोगा' पेनपेन्सिल आली. शिसं कागदावर टेकून उचललं की आतलं चक्र नऊ अंशांनी फिरतं. चाळीस वेळा टेकवलं की शिशाचा एक वेढा पूर्ण. म्हणजे हात जितक्या वेळा उचलाल तितकं टोक ताजं. आपली बाळबोध देवनागरी तिला फार मानवते. काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, शेवटी शिरोरेषा. मोडी लिहिणाऱ्याला मात्र तिचा उपयोग शून्य! भोसल्यांचं राज्य या गावावर होतं तेव्हा दप्तर मोडीत चाले, आणि मोडीचं सगळं कसबच हात न उचलण्यात. शिरोरेषा आधी पानभर आखून ठेवायची आणि मग तिच्याखाली अक्षरं एका ओघात सोडत जायची. कारकुनांच्या त्या वेगाबद्दल खरं तर...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं राहिली म्हणतात. मोडी राहू द्या, मुद्द्यावर येतो.

पॉइंट सात का? गोल काडी वाकवून मोडायला लागणारा जोर तिच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो. पॉइंट पाच म्हणून विकली जाणारी काडी मोजली तर पॉइंट छप्पनच्या आसपास भरते. पॉइंट सातची साधारण पॉइंट सातच असते. व्यासात सव्वापट फरक. सव्वाचा घन करा, जवळजवळ दोन येतात. जाडी नजरेला जेमतेम जाणवेल इतकी वाढते आणि ताकद दुप्पट होते. मग पॉइंट नऊ का नको? ताकद आणखी आहे, कबूल. पण 'राष्ट्र', 'लक्ष्मी' असली जोडाक्षरं एकेरी वहीत लिहून बघा. पोटं बुजतात.

(श्रोत्यांतून प्रश्न : जपानात तर पेनपेन्सिल वापरणारी बहुतेक मुलं पॉइंट पाचनेच लिहितात ना?)

लिहितात. हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारतात, आणि त्याने माझा मुद्दा पडत नाही. त्यांची लिपी चौकटीत बसणारी, दाट, आखूड फटकाऱ्यांची. तिथे बारीक टोक हवंच. आपली शिरोरेषा डावीकडून उजवीकडे लांब ओढावी लागते, शिशावर आडवा ताण येतो, आणि वहीचा कागद खरखरीत. काडी नेमकी शिरोरेषेवर मोडते. घरी नातवंडांना विचारा.

बी का? एचबी टणक. अक्षर फिकं येतं, म्हणून मूल जोर देतं, जोर दिला की काडी तुटते, आणि खालच्या पानावर वळ उठतात. बी शिशाने हलक्या हाताने काळं अक्षर येतं, खोडरबराने निघतंही. त्याच शिशाने फुहाऱ्याचं, घाटाचं, समोर बसलेल्या माणसाचं रेखाटन होतं. पेन्सिल आडवी धरली की थोडी छटाही मिळते.

(श्रोत्यांतून : चित्राला लाकडी पेन्सिलच खरी!)

मोठ्या छायांकनाला खरी. ब्योहार राममनोहर सिन्हा याच गावचे. संविधानाच्या उद्देशिकेचं पान त्यांच्या हातून सजलं. अशा परंपरेच्या गावात उभं राहून सिक्स-बी फेकून द्या असं मी म्हणेन का? मी बोलतोय खिशातल्या पेन्सिलीबद्दल. बसमध्ये, बँकेच्या रांगेत, वर्गात टोकयंत्र शोधावं लागू नये, आणि पहिल्या ओळीची जाडी शंभराव्या ओळीला असावी. लाकडी पेन्सिल हे देत नाही. यावर मी माघार घेणार नाही. (टाळ्या)

आता अंगाचं थोडक्यात. टोकाची नळी चार मिलिमीटर लांब आणि सरळ असेल तर पट्टीशी चांगली चालते, पण एकदा फरशीवर पडली की वाकते आणि खिसाही फाडते. रोजच्या कामाला आखूड, निमुळतं टोक घ्या. दुकानात पेन्सिल कागदावर टेकवून हलवून बघा. टोक लटपटत असेल तर परत करा. आतला चिमटा पितळेचा असावा, प्लास्टिकचा लवकर घसरतो. पकड जाड हवी की बारीक, हे ज्याचं त्याने हातात धरून ठरवावं. लिहिताना दोनच क्लिक. नळीत दोन-तीन काड्या पुरे. बारा कोंबल्या तर अडकतात आणि मोडतात. साठ मिलिमीटरच्या काडीतला शेवटचा सेंटीमीटरभर वाया जातो, त्याचं दुःख करू नका.

संपवतो. दहा मिनिटं कधीच उलटून गेली. इथे शिक्षक मंडळी बरीच दिसताहेत, त्यांच्याशी एक बोलतो. माझ्या ओळखीच्या एका शाळेने पेनपेन्सिल बंद केली. कारण दिलं, मुलं टकटक करतात आणि तुटलेल्या काड्या बाकावर पडतात. वर्गात चौकशी केली तर सगळ्यांकडे पॉइंट पाच एचबी. बंदी घालण्याआधी एका वर्गाला एक सत्र पॉइंट सात आणि बी देऊन बघा. मग जे दिसेल ते मला कळवा. विरुद्ध दिसलं तरी कळवा.

मी दोन्ही मापांच्या पेन्सिली आणि एकेरी वह्या आणल्या आहेत, बाहेरच्या टेबलावर ठेवतो. जाताना प्रत्येकाने दोन्हींनी आपलं नाव शिरोरेषेसकट लिहून बघावं.