धोंड कोण लोटील?
(ईस्टरनिमित्त रुग्णालयात केलेले भाषण)



ईस्टर हा प्रभू येशूच्या पुनरुत्थानाचा सण. आम्हा कर्मचाऱ्यांत बहुतेक ख्रिस्ती नाहीत. तरी मार्काच्या शुभवर्तमानातील एक प्रसंग आम्हांस आपला वाटतो. तीन स्त्रिया भल्या पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे निघाल्या. चमत्काराची अपेक्षा त्यांना नव्हती. मृतदेहाची राहिलेली सेवा करावयाची होती. दाराशीची धोंड कोण लोटील, हा प्रश्न वाटेतच पडला, तरी त्या परत फिरल्या नाहीत. आपल्या परिचारिकांना ही वाट ठाऊक आहे.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे डोंगर कोसळला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी माणसे नेली. महाड शहर पुरात बुडालेले. तळियेत सर्व मृतदेह हाती लागण्यापूर्वीच शोध थांबवावा लागला. ज्यांना अंत्यसंस्कारही करता आले नाहीत, त्यांना आशेविषयी काय सांगावे? आम्हांस शब्द सुचले नाहीत.

आम्ही वाणिज्य शाखेचे. हाती न आलेले जमेस धरण्याची सवय नाही. परंतु ‘सर्व ठीक होईल’ एवढाच ख्रिस्ती आशेचा अर्थ नसावा. पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण राहिलेच होते, असे योहान सांगतो.

आजही पावसाची झड लागली की डोंगरालगतच्या वाड्यांतून आलेल्या वृद्ध रुग्णांना झोप लागत नाही. रात्रपाळीची परिचारिका मग खाटेशी स्टूल ओढून बसते. यंदा अशी काही नवी स्टुले घेतली. खर्च ‘फर्निचर’ या शीर्षाखाली दाखविला आहे.