पिशवी आमची, वेष्टण कुणाचं?



आमची भिशी पंधरा जणींची. महिन्याच्या पहिल्या शनिवारी भिशी उघडली, चहा झाला, की रिक्षा करून आम्ही जवळच्या मोठ्या दुकानात महिन्याचं सामान भरायला जातो. दोन महिन्यांपूर्वी तिथं थोडी शोभा झाली. आमच्यातली एक पिशवी घरी विसरली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पिशवी देऊ का? पैसे पडतील." झालं! "एवढं हजारोंचं सामान घेतलं आणि वर पिशवीचे पैसे?" मागची रांग खोळंबली, आम्ही इकडे ओशाळलो.

आमची मैत्रीण अगदीच चुकीची नव्हती. पिशवीचे पैसे लागणार हे गिऱ्हाइकानं सामान निवडायच्या आधीच त्याला कळलं पाहिजे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2020 च्या डिसेंबरात एका मोठ्या साखळी दुकानाच्या प्रकरणात सांगितलं आहे. म्हणजे पाटी दारातच हवी. पण पैसे पडतात म्हणूनच आम्ही चौदा जणी घरून पिशव्या आणायला लागलो, हेही खरं. 2018 च्या जूनपासून महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड लागला, तेव्हा माळ्यावरच्या कापडी पिशव्या खाली आल्या. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवायचं काम त्या वर्षी आमच्याकडे जोरात होतं.

त्या दिवशी विकत घेतलेली पिशवी आम्ही घरी आणून नीट पाहिली. हाताला कापडासारखी लागते, पण ती न विणलेली असते, आणि बहुतेक वेळा ती प्लॅस्टिकच्याच धाग्यांची असते. अशी पिशवी कपाटात घडी करून ठेवा आणि वर्ष-दोन वर्षांनी काढा, हातात भुगा येतो. तेव्हा 'कापडी' म्हणून कुणी दिली तर आधी ताणा-बाणा दिसतो का ते बघा.

पण पिशवी ही फार लहान गोष्ट आहे. गेल्या महिन्यात आम्ही एक उद्योग केला. सामान डब्यांत भरून झाल्यावर वेष्टणं टाकली नाहीत, परातीत जमवली. डाळीची, रव्याची, बिस्किटांची, साबणाची, मसाल्यांची. परात शिगोशीग भरली. वर बिस्किटांच्या आत आणखी एक ट्रे. घरून नेलेली पिशवी एकच, आणि तिच्यातून आलेलं प्लॅस्टिक एवढं!

आमच्या सासवांनी असली परात पाहिली नसती. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून वर्षाचे गहू गोणीनं यायचे, एरंडेल चोळून कोठीत जायचे आणि रिकाम्या गोणीचं पायपुसणं व्हायचं. वाण्याकडून हळद रद्दीच्या पुडीत, दोरा गुंडाळून. त्या दोऱ्याचंही रीळ करून ठेवायच्या. जुनं ते सगळं सोनं असं आम्ही म्हणत नाही. त्या पुडीत शाई होती, कधी भेसळही होती.

ती परात आम्ही आमच्या कचरा नेणाऱ्या मावशींना दाखवली. पुण्यात 1993 साली डॉ. बाबा आढावांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातूनच 2008 पासून महापालिकेबरोबर काम करणारी कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. मावशी त्यातल्याच. त्यांनी परातीत हात घातला आणि भराभर दोन ढीग केले. दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पुठ्ठा एकीकडे. "हे भंगारात जातं, याचे पैसे येतात." दुसरा ढीग मोठा, चकचकीत. "हे वेचायला वेळ तेवढाच लागतो ताई, पण कुणी घेत नाही." वेफर्सच्या पुड्याला आतून चांदीसारखा थर असतो ना, तो प्लॅस्टिक आणि धातू एकमेकांना चिकटवून केलेला. ते वेगळे करणं फार अवघड, म्हणून भाव नाही.

सुक्या कचऱ्याची विक्री हा मावशींच्या कमाईचा मोठा भाग. वेष्टण बदललं की त्यांचा पगार बदलतो. मग हा ढीग कुणाचा? याच संस्थेच्या बायकांनी 2013 साली वापरलेले सॅनिटरी पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत पाठवले होते. तुमचा माल, तुम्हीच सांगा याचं काय करायचं. आम्हाला त्यांचं फार कौतुक वाटतं, कारण ते उघडे पॅड हातानं वेगळे करणाऱ्याही त्याच होत्या. 2016 च्या घनकचरा नियमांत पॅडसोबत टाकण्यासाठी पुडी द्यावी असं कंपन्यांना सांगितलं गेलं. प्लॅस्टिकच्या वेष्टणासाठी 2022 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं जबाबदारीचे नियम काढले, आणि त्यांत माल बनवणाऱ्यांबरोबर मोठी साखळी दुकानंही धरली आहेत. दुकानाच्या स्वतःच्या नावानं डाळ विकली जाते, तिच्या वेष्टणाचा हिशेब दुकानानं द्यायचा.

मोठं दुकान मनावर घेतलं तर बरंच करू शकतं. दही-लोण्याचे उघडे फ्रिज पाहिलेत ना, समोर उभं राहिलं की पाय गारठतात? नुसती काचेची दारं लावली तरी वीज वाचते. त्या फ्रिजमधला गॅस गळला तर आणखी वाईट. दुकानांत बराच वापरला जाणारा एक गॅस हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 3900 पट भारी आहे. म्हणून गळती शोधणारा माणूस छतावरच्या सौरपॅनलइतकाच महत्त्वाचा, पण पॅनलचाच फोटो छापतात!

स्वीडनच्या आयकियाचं दुकान 2020 च्या डिसेंबरात नवी मुंबईत उघडलं. ते टेबलाचे पाय सुटे करून सपाट खोक्यात देतात, म्हणजे ट्रकमधून हवा वाहून न्यावी लागत नाही. 2015 पासून दिवे विकतात ते फक्त एलईडी. एवढा मोठा गिऱ्हाईक म्हणाला की वेष्टण बदला, तर कारखानदाराला ऐकावं लागतं. आमच्या वाण्याचं कोण ऐकणार? पण स्वस्त मिळतंय म्हणून दर चार वर्षांनी टेबल बदललं, तर सपाट खोक्याचा काय उपयोग? आमच्यातल्या एकीकडे आजेसासूंचे शिसवी पाट आजही पंगतीला निघतात.

गेल्या शनिवारी आम्ही आमच्या दुकानाच्या मॅनेजरना भेटलो. सुटी डाळ आणि तांदूळ आमच्या डब्यांत द्या, एवढंच मागणं. मनुष्य समजूतदार निघाला. म्हणाले, "काकू, तुमच्या डब्याचं वजन मशीनमध्ये कुठून वजा करू?" आम्ही म्हटलं, रिकामा डबा आधी तोला आणि वजनाची चिठ्ठी चिकटवा. ते हसले. वरून परवानगी लागेल म्हणाले. पंधरा सह्यांचं पत्र देऊन आलो आहोत, पोच घेतली आहे. येत्या शनिवारी प्रत्येकी दोन डबे घेऊन जाणार आहोत, स्टीलचे, झाकणावर नाव घातलेले.