समुद्र-परिषदेतील लहान बैठका

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात जळगाव येथे दिलेले व्याख्यान)



आजचा विषय ऐकून काहींस नवल वाटले असेल. खान्देशास समुद्रकिनारा नाही. परंतु गिरणा, पांझरा, बोरी, अनेर यांचे पाणी पोटात घेऊन आपली तापी अखेर अरबी समुद्रासच मिळते. आणि मृगाचा पाऊस घेऊन येणारे वारेही समुद्रावरूनच येतात. कपाशीचे बी आज टाकावे की आठ दिवस थांबावे, हा आपल्या जिरायत शेतकऱ्याचा प्रश्न समुद्राशी असा जोडलेला आहे. म्हणून समुद्राचे अभ्यासक एकत्र कसे बसतात आणि पुढचे काम कसे ठरवितात, हे समजून घेणे आपल्याही हिताचे आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत भूगोल शिकविताना जी गोडी लागली, तिच्या बळावरच हे चार शब्द बोलण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

अशा परिषदेत एक मोठे सभागृह असते. तेथे निबंध वाचले जातात. प्रत्येक वक्त्यास दहा-पंधरा मिनिटे मिळतात आणि वेळ संपली की पुढचा वक्ता उभा राहतो. परंतु परिषदेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या सुटीत किंवा सायंकाळी, शेजारच्या खोल्यांतून मोजक्या माणसांच्या बैठका व कार्यशाळा भरतात. आजवर काय आढळले ते सभागृहात सांगितले जाते. पुढे काय करावयाचे ते या खोल्यांत ठरते. कोणते राष्ट्र किती दिवस जहाज देणार, एकाचे उपकरण दुसऱ्याच्या उपकरणाशी कसे पडताळून पाहावयाचे, आकडे कोणत्या पद्धतीने नोंदवावयाचे म्हणजे ते सर्वांच्या उपयोगी पडतील, असे रूक्ष वाटणारे प्रश्न तेथे निघतात. ते सुटल्यावाचून समुद्रात एकही जहाज नीट काम करू शकत नाही.

याचा इतिहास पाहावा. १९५७ साली अमेरिकेतील वुड्स होल येथे समुद्रसंशोधनाची एक आंतरराष्ट्रीय समिती प्रथमच बसली. हिंदी महासागराची माहिती फार थोडी आहे, या तेथील चर्चेतून आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम उभी राहिली. १९६५ पर्यंत चाललेल्या या मोहिमेत सुमारे चाळीस जहाजांनी भाग घेतला. आपल्या नौदलाचे ‘किस्तना’ हे त्यांपैकीच एक. या मोहिमेसाठी १९६३ साली मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत हवामानाचे आंतरराष्ट्रीय केंद्र चालू झाले. पुढे १ जानेवारी १९६६ रोजी आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय आज गोव्यात दोनापावला येथे आहे.

मोहिमेस पन्नास वर्षे झाली, तेव्हा २०१५ च्या अखेरीस याच संस्थेत मोठी परिषद भरली. ४ डिसेंबर रोजी दुसऱ्या मोहिमेची घोषणा झाली आणि ‘सागर निधी’ हे जहाज मुरगाव बंदरातून मॉरिशसकडे निघाले. समारंभ एका दिवसाचा झाला; त्याची आखणी मात्र २०१३ पासून हैदराबाद व अन्य ठिकाणी भरलेल्या बैठकांतून चालली होती.

दुसरे उदाहरण आपल्या पावसाच्या अधिक जवळचे आहे. १९९७ साली प्रशांत महासागरात प्रबळ ‘एल निनो’ होता. तरीही देशात पाऊस सरासरीइतका पडला. उलट २००२ च्या जुलैत सबंध देशात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला. प्रशांत महासागराकडे पाहून आपल्या पावसाचा पुरता उलगडा होत नाही. हिंदी महासागराचीही मोजणी हवी, हे यावरून पटले. २००४ साली नेमलेल्या एका तज्ज्ञ मंडळाने नकाशा पुढे ठेवून, या महासागरात ४६ ठिकाणी नांगरलेले बोये कोठे असावेत, याची योजना केली. हे बोये वारा, पाऊस आणि खोल पाण्याचे तपमान मोजून उपग्रहामार्फत कळवितात. मासेमारीच्या नौकांमुळे त्यांची मोडतोड होते; जहाजे वेळेवर न मिळाल्यास दुरुस्ती रेंगाळते. या अडचणींचा विचारही पुन्हा अशाच बैठकांतून करावा लागतो.

येथे पुण्यात जन्मलेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ यांचे स्मरण करणे उचित होईल. समुद्रप्रवाहांच्या गणितात त्यांनी हार्वर्ड येथे डॉक्टरेट मिळविली आणि मोसमी पावसाच्या अभ्यासास आयुष्य वाहिले. एवढ्या मोठ्या विदुषी. पण अनंतपूर भागातील भुईमुगाच्या शेतकऱ्यांशी विचारविनिमय करून पेरणीची योग्य वेळ शोधण्याचे कामही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. शेतकऱ्याचा प्रश्न त्याच्याच तोंडून ऐकावा लागतो, हे त्यांनी जाणले होते.

लहान बैठकांत दोषही असतात. ज्याच्यापाशी प्रवासखर्च नाही तो तेथे पोहोचत नाही; आणि बंद दाराआड ठरलेले काम इतरांस परके वाटते. म्हणून बैठकीचा वृत्तांत लिहून सर्वांपुढे ठेवावा लागतो आणि तरुणांस आत घ्यावे लागते. दुसऱ्या मोहिमेत तरुण शास्त्रज्ञांचे स्वतंत्र जाळे उभारले आहे, ते याच हेतूने.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. पुढील वर्षापासून मेळाव्यातील दुपारच्या तिन्ही बैठका, म्हणजे शिष्यवृत्तीची, परगावी विद्यार्थ्यांच्या निवासाची आणि शेती-पाण्याची, बंद करून तो वेळ सत्कारांस द्यावा, अशी सूचना आली आहे. सत्कार अवश्य व्हावेत. गुणांची कदर झालीच पाहिजे. परंतु चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या एखाद्या गृहस्थास मुलीला पुण्यास शिकावयास पाठवावयाचे आहे आणि फी कमी पडते आहे, तर हजार लोकांच्या सभेत तो उभा राहून हे सांगेल काय? दहा माणसांच्या खोलीत तो मन मोकळे करील. ती खोलीच आपण बंद केली, तर त्या मुलीचे वर्ष वाया जाईल, आणि व्यासपीठावरील कोणास त्याचा पत्ताही लागणार नाही.

म्हणून आमची विनंती अशी : तिन्ही बैठका चालू ठेवाव्यात. प्रत्येकीत जळगावचे व धुळ्याचे प्रतिनिधी समसमान असावेत. त्यांत भगिनी व विद्यार्थी अवश्य असावेत. दूरच्या खेड्यातून येणाऱ्या गरजू बांधवाचे एस.टी.चे भाडे मंडळाने सोसावे. ठरलेल्या प्रत्येक कामापुढे करणाराचे नाव व मुदत लिहावी, आणि तो वृत्तांत सायंकाळच्या खुल्या सभेत वाचावा. मदत मागणाऱ्याचे नाव तेवढे त्यात नसावे. सत्कारांसाठी सकाळचा वेळ पुरेसा आहे. आमच्यासारख्यांची भाषणे थोडी आखडती घेतली म्हणजे झाले.