मिकोनोस : वाऱ्याचं आणि जागरणाचं बेट

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडी भर घातली आहे.)



आपल्या कट्ट्यावर आजवर चारधाम झालं, नर्मदा परिक्रमा झाली, युरोपच्या ग्रुप टूरचं वर्णन तर तीनदा झालं. तेव्हा मला सांगण्यात आलं की तुम्ही ते ग्रीसच्या बेटाचं बोला. वेळ वीस मिनिटं. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे वेळ झाली की खिडकी बंद करायची सवय आहे. काळजी नसावी.

सप्टेंबर २०१८. आम्ही तिघं होतो. मी सत्तरचा, आमच्या सौ. सहासष्टच्या आणि माझी मोठी बहीण अक्का शहात्तरची. अक्काला तुम्ही सगळे ओळखता, पण तेव्हा ती आमच्याकडे राहायला आलेली नव्हती. भावोजी जाऊन दीड वर्ष झालं होतं. ती एकटी राहायची, फोनवर 'बरी आहे' एवढंच बोलायची. आम्ही दोघांनी अथेन्सला जायचं ठरवलं, तेव्हा सौ. म्हणाल्या, "अहो, अक्कांना घेऊन जाऊ." मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "पासपोर्ट काढायला किती दिवस लागतात?"

नातेवाइकांत थोडी कुजबुज झाली. ती मी इथे सांगत नाही, तुमच्याही घरी होते तशीच होती.

अथेन्सच्या पुढे एखादं बेट करायचं होतं. मुलगी आणि जावई म्हणाले, नॅक्सोसला जा, शांत आहे. मिकोनोस नको, तिथे तरुण लोक जातात, रात्रभर गाणी चालतात. पण डेलॉसचे अवशेष बघायची माझी फार वर्षांची इच्छा, आणि डेलॉसला जायची सोयीची होडी मिकोनोसहून. म्हणून मिकोनोस. हे कारण मी जावयाला लेखी कळवलं.

अथेन्सच्या पिरेयस बंदरातून मोठी बोट निघते. वेगवान बोटीला साधारण तीन तास, साध्या बोटीला पाच. आम्ही साधी घेतली. तिला हेलकावे कमी आणि डेकवर बसता येतं. बेट तसं लहान, पंच्याऐंशी चौरस किलोमीटरच्या आसपास, कायमची वस्ती दहा हजारांच्या घरात. उन्हाळ्यात मात्र एकेका क्रूझमधून हजारोंनी माणसं उतरतात. झाडं फार थोडी. नुसते तपकिरी खडक, त्यांच्यावर चुना फासलेली पांढरी घरं, आणि वारा.

त्या वाऱ्याला मेल्टेमी म्हणतात. उन्हाळ्यात उत्तरेकडून येतो आणि आला की दिवसचे दिवस राहतो. याच वाऱ्यावर हे बेट पूर्वी पोट भरायचं. बंदराच्या डोक्यावर पवनचक्क्यांची रांग आहे, बहुतेक सोळाव्या शतकात व्हेनिसच्या लोकांनी बांधलेल्या. त्यात धान्य दळायचे, त्या पिठाची कडक भाजलेली बिस्किटं जहाजांना विकायचे. आता जात्याला काम नाही, फोटोला आहे. साडीचा पदर सांभाळत तिथे उभं राहणं किती अवघड, ते सौं.ना विचारा. पवनचक्कीपेक्षा त्यांचेच फोटो लोकांनी जास्त काढले.

गावातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की मोटार शिरत नाही. फरशीच्या प्रत्येक दगडाभोवती पांढऱ्या रंगाची रेघ. वळणं अशी की दहा मिनिटांनी माणूस निघाला तिथेच परत येतो. समुद्री चाचे आले तर त्यांनी चुकावं आणि वाराही अडावा म्हणून अशी रचना, असं तिथे सांगतात. आमचे गुडघे चाच्यांपेक्षा वाईट. दर वळणावर एक ओटा शोधायचा आणि बसायचं. एका दुकानदाराने आम्हाला बघून म्हटलं, "सिगा, सिगा." म्हणजे हळूहळू. चार दिवसांत हा शब्द आम्ही सर्वांत जास्त वापरला.

दुसरा शब्द 'ने'. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो, आणि 'ओही' म्हणजे नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, अक्काने नव्हतं. पहिल्या रात्री खाणावळीत वाढणारा मुलगा तिला आणखी आणू का विचारायचा, ती हात हलवत म्हणायची, "नै, नै." तो आनंदाने आणखी घेऊन यायचा. तिसऱ्या बशीला मी मध्ये पडलो.

शाकाहारी माणसाचे हाल होतील अशी भीती होती. झाले नाहीत. फावा नावाचा पदार्थ आपल्या घट्ट वरणाचा भाऊच, वरून कांदा, ऑलिव्ह तेल आणि लिंबू. पांढरे मोठे वाल टोमॅटोत शिजवलेले मिळतात. कोपानिस्ती नावाचं इथलं चीज मिरी घातल्यासारखं झणझणतं. ते जवाच्या कडक पावावर टोमॅटोबरोबर देतात. अक्काचं मत : फोडणी दिली असती तर फावा उत्तम. बिलाबद्दल मी बोलणार नाही. युरोचे रुपये करायचे नाहीत, असा नियम सौं.नी पहिल्याच दिवशी केला आणि मला तो शेवटपर्यंत पाळता आला नाही.

बंदरावर एका बाईचा पुतळा आहे, मांदो माव्रोगेनूस. १८२१ मध्ये ग्रीक लोक तुर्कांविरुद्ध उठले तेव्हा हिने स्वतःच्या पैशाने जहाजं आणि माणसं उभी केली. सगळी मालमत्ता त्यात गेली, आणि शेवट पारोस बेटावर गरिबीत झाला. पुढे दोन द्राख्माच्या नाण्यावर तिचं चित्र आलं. जिवंतपणी हाती काही नाही आणि मेल्यावर नाण्यावर! आपला 'दाम' हा शब्द याच द्राख्मावरून, संस्कृतातल्या 'द्रम्म'मधून आलेला, हे इथल्या बँकवाल्यांसाठी सांगून ठेवतो.

आणि एक पेलिकन पक्षी. १९५८ मध्ये वादळात जखमी झालेला पेलिकन एका कोळ्याला सापडला. गावाने त्याला सांभाळलं, नाव ठेवलं पेट्रोस. १९८५ मध्ये तो मोटारीखाली गेला, तर गावाला इतकं वाईट वाटलं की दुसरे आणले. आजही ते खाणावळींतून रेशन इन्स्पेक्टरसारखे फिरत असतात.

आता डेलॉस. अर्धा तास होडीने. अपोलोचं जन्मस्थान, म्हणून पवित्र. जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर, त्यावर भग्न देवळं, संगमरवरी सिंह, घरांच्या जमिनींवर रंगीत खड्यांची चित्रं. इथल्या अपोलोच्या देवळाने चक्क बँक चालवली. व्याज दहा टक्के, जामीनदार हवा, आणि वर्षाचा हिशोब दगडावर कोरायचा. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या एका शिलालेखात तर देवाचं व्याज थकवणाऱ्या गावांची यादीच आहे. थकबाकीदारांची नावं दगडावर! आमच्या वसुली खात्याला हे सुचलं नाही.

मी तिथे तासभर रमलो असतो. पण त्याच डेलॉसची दुसरी बाजूही आहे. रोमनांनी इ.स.पू. १६६ च्या सुमारास इथे करमुक्त बंदर केलं आणि मग गुलामांचा बाजार भरला. एका दिवसात दहा हजार माणसं घेता-विकता येत, असं स्ट्रॅबोने लिहून ठेवलं आहे. त्या चौकात आता सरडे आणि वाळलेलं गवत. मी अक्काला आणखी एक गोष्ट सांगितली : इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सने हे बेट शुद्ध करायचं ठरवलं. सगळ्या कबरी उकरून शेजारच्या बेटावर नेल्या आणि नियम केला की यापुढे डेलॉसवर कोणी जन्मायचं नाही आणि कोणी मरायचं नाही. बाळंतीण आणि मरणाला टेकलेला माणूस, दोघांना होडीत घालून पलीकडे न्यायचं.

अक्का एका पडलेल्या खांबावर बसली होती. म्हणाली, "मग राहिलं कोण?"

खरंच आज तिथे रात्री मुक्कामाची परवानगी नाही. शेवटची होडी निघते आणि प्रवाशांपुरतं बेट मोकळं होतं. परत येताना ती काही बोलली नाही. मिकोनोसच्या धक्क्यावर उतरलो, कुठल्याशा दुकानातून गाणं मोठ्याने लागलेलं, पोरं ओरडत होती. तिथे तिने पहिल्यांदा स्वतःहून कॉफी मागितली.

आमची खोली गल्लीवर होती. पहाटे तीनपर्यंत हसणं, खिदळणं, बाटल्यांचे आवाज. मी दोन्ही कानांत कापूस. सकाळी अक्काला विचारलं, मागच्या बाजूची खोली मागू का? म्हणाली, "नको. घरी रात्री जाग येते तेव्हा काही म्हणजे काही ऐकू येत नाही. इथे कोणीतरी जागं आहे असं वाटतं." मी खिडकीकडे बघत बसलो. दीड वर्ष मी तिला रोज फोन करत होतो; रात्रीबद्दल ती एकदाही बोलली नव्हती.

निघायच्या दिवशी वारा इतका वाढला की बंदराने बोटी थांबवल्या. एक दिवस फुकट मिळाला. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून आम्ही पारापोर्तियानी चर्चजवळ फिरत होतो. पाच चर्चं एकमेकांत मिसळून, लोण्याच्या गोळ्यासारखं पांढरं झालेलं असं ते बांधकाम आहे. जवळच्या गल्लीत दारात एक आजी बसल्या होत्या, नखशिखांत काळ्या कपड्यांत. ग्रीसमध्ये जुन्या पिढीतल्या विधवा जन्मभर काळं घालतात. अक्का तेव्हा फिकट पांढरटच साड्या नेसायची. आजींनी तिला हाताने बोलावलं आणि खुर्ची सरकवली.

एकीला मराठी येतं, दुसरीला ग्रीक. अर्धा तास बोलल्या. आजींनी बोटातली अंगठी दाखवून खुणेने विचारलं. अक्काने आकाशाकडे बोट केलं. आजींनी स्वतःच्या काळ्या बाहीला हात लावला, मग अक्काच्या पदराला, आणि मान हलवली. मग आत जाऊन बदामाची मिठाई आणली. समोरून तरुणांचा एक घोळका गात गेला, कपडे जेमतेम. मला वाटलं आजी नाक मुरडतील. त्यांनी त्यातल्या एका पोरीला हाक मारून तिच्याही हातावर मिठाई ठेवली.

खोलीवर येताना अक्का म्हणाली, "तिला काळं, मला पांढरं. रंग कोणता हवा, हे दोघींना कोणी विचारलं होतं का रे?"

मी काहीच बोललो नाही. सौ. म्हणाल्या, "अक्का, उद्या माझी निळी नेसा." ती नेसली. बोटीवर डेकच्या कठड्याला धरून उभी होती, वाऱ्याने पदर सारखा डोक्यावर येत होता.

पुढच्या वर्षी ती आमच्याकडे राहायला आली. मागची शांत खोली तिला देऊ केली होती. तिने रस्त्याकडची मागितली. नवरात्रात गरब्याच्या आवाजाबद्दल तक्रार अर्ज फिरतो, त्यावर आमच्या घरातून दोनच सह्या येतात, हे सेक्रेटरी साहेबांच्या लक्षात आलंच असेल.

व्हिसासाठी तीस हजार युरोंचा प्रवास विमा लागतो, आणि सत्तरीनंतर त्याचा हप्ता चांगलाच वाढतो. सगळे कागद मी फाईलला लावून आणले आहेत. ज्यांना बघायचे असतील त्यांनी चहाच्या वेळी बघावेत, पण फाईल इथेच परत करावी.